दोन राजधान्यांतील इराणी उपाहारगृहे आणि बीड

बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यामुळे येथील लोकांची राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली. योगायोग असा की, ही दोन्ही शहरे परमुलुखातून आलेल्या इराण्यांच्या उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध होती.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात यझ्द आणि केरमान या भागांतून जरथुश्त्री इराणी आले. इराणात त्यांच्यावर जिझिया, म्हणजे मुस्लिमेतर प्रजेवरील कर, लादलेला होता, जो भारतातील पारशी समाजाचे दूत माणेकजी लिमजी हातरिया यांच्या प्रयत्नांनी 1882 मध्ये रद्द झाला, आणि 1871 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळानेही अनेकांना देश सोडायला लावला. संगमरवरी मेजे, लाकडी खुर्च्या, कडक कवचाचा ब्रुन पाव आणि गल्ल्यावर, म्हणजे रोकड घेण्याच्या जागी, बसलेला मालक अशी या उपाहारगृहांची घडण झाली. कयानी (1904) आणि ब्रिटानिया (1923) ही त्यांपैकी नावाजलेली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. ही कथा आकर्षक असली, तरी तेवढ्याने व्यवसायाचा विस्तार उलगडत नाही.

हैदराबादेत मात्र हा धंदा बव्हंशी शिया मुस्लिम इराण्यांच्या हाती राहिला, आणि तेथील चहा, ज्यात मंद आचेवर ठेवलेल्या चहाच्या अर्कात वेगळे आटवलेले दूध मिसळतात, उस्मानिया बिस्किटांसोबत घेतला जाऊ लागला.