२० मार्च : महाड आणि मिनामाता

२० मार्च म्हटले की आपल्याला १९२७ चे महाड आठवते. याच तारखेला १९७३ साली जपानच्या कुमामोतो जिल्हा न्यायालयाने मिनामाताच्या विषबाधितांच्या बाजूने निकाल दिला. तारीख जुळणे हा योगायोग आहे. पण पाणी कोणाचे आणि त्यापायी मरायचे कोणी, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

मिनामातात चिस्सो कंपनी १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होती. त्यासाठी पारा लागे आणि सांडपाणी समुद्रात जाई. त्यातला मिथाइल पारा बारीक जीवांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत साठत गेला. आधी मांजरे झटके येऊन मेली. मग रोज मासे खाणाऱ्या मच्छीमारांचे हातपाय बधिर झाले, बोलणे अडखळू लागले, नजर मंदावली. वरकरणी धडधाकट आयांच्या पोटी विकलांग मुले जन्मली.

१ मे १९५६ रोजी रोगाची अधिकृत नोंद झाली. तो संसर्गजन्य समजून रुग्णांना वाळीत टाकले गेले. दुकानदार त्यांच्या हातून पैसे घेईनात. विटाळ म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

विज्ञानाला कारण शोधायला वेळ लागला, असे म्हणून कंपनीला सोडता येत नाही. १९५९ मध्येच कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले होते. त्याच वर्षी कारखान्याच्या दवाखान्यातील डॉ. होसोकावा यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला दिले. त्याला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. डिसेंबरात गरजू कुटुंबांकडून करार लिहून घेतला: तुटपुंजी सहानुभूतीची रक्कम घ्या, पुढे कारखाना दोषी ठरला तरी जादा मागू नका. विष १९६८ पर्यंत वाहत राहिले. सरकारने कारण मान्य केले तेही त्याच वर्षी, ती उत्पादनपद्धत बंद झाल्यावर. म्हणजे नऊ वर्षे कमतरता माहितीची नव्हती. मरणाऱ्यांना किंमत नव्हती.

न्यायालयाने तो करार लोकनीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरवला. २०१३ मध्ये पाऱ्याविषयीचा जागतिक करार मिनामाताच्या नावाने झाला आणि २०१८ मध्ये भारताने तो स्वीकारला.

गरोदर बाईने शार्कसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, हा सल्ला योग्यच आहे. मात्र पथ्य फक्त खाणाऱ्याने पाळायचे आणि विष सोडणाऱ्याला कोणी विचारायचे नाही, हे आपण मान्य करता कामा नये. चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मागितला. त्या हक्कात पाणी निर्विष असण्याचा हक्कही येतो.

जय भीम!