वादळाचें मोजमाप

वादळाच्या दिवसांत नभोवाणीवरून आपण एक ठराविक मजकूर ऐकतों. वादळ किनाऱ्यापासून अमुक किलोमीटरांवर आहे, त्यांतील वाऱ्याचा वेग ताशीं अमुक किलोमीटर आहे आणि तें अमुक दिशेनें सरकत आहे. तो ऐकून आपण खिडक्या लावून घेतों, कोळी होड्या वर ओढून ठेवतात, कोणी प्रवास पुढें ढकलतो. परंतु भर समुद्रांत, जेथें ना वेधशाळा ना मनुष्यवस्ती, तेथील वाऱ्याचा वेग मोजला कोणीं, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. आज मी याच प्रश्नाचा इतिहास आपणांस सांगणार आहें. तो मुख्यतः अमेरिकेच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवर घडला. तिकडे या वादळांना ‘हरिकेन’ म्हणतात, चीन-जपानकडे ‘टायफून’ म्हणतात, आपण चक्रीवादळ म्हणतों. नांवें तीन असलीं तरी जात एकच.

विमानाच्या पूर्वीं भर समुद्रांतील वादळाची वार्ता आणणारें साधन एकच होतें, आणि तें म्हणजे जहाज. तेंही बंदरांत सुखरूप पोंचलें तरच. १९०० सालच्या सप्टेंबरांत एक वादळ क्यूबा बेट ओलांडून मेक्सिकोच्या आखातांत शिरलें. तें पश्चिमेकडे जाईल असें क्यूबांतील हवामानशास्त्रज्ञांचें मत होतें. तें उत्तरेकडे वळेल अशी अमेरिकन हवामान खात्याची समजूत होती. आखातांत जीं थोडीं जहाजें होतीं त्यांच्यापाशीं बिनतारी यंत्र नव्हतें. ८ सप्टेंबर रोजीं वादळ टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहरावर आदळलें आणि समुद्र गांवांत शिरला. सहा ते बारा हजार माणसें त्यांत मेलीं असा अंदाज आहे.

पुढें जहाजांवर बिनतारी यंत्रें आलीं. २६ ऑगस्ट १९०९ रोजीं ‘कार्टागो’ नांवाच्या जहाजानें युकातानच्या किनाऱ्याजवळून हरिकेनची बातमी बिनतारी संदेशानें कळविली, आणि आतां प्रश्न सुटला असें लोकांस वाटलें. परंतु येथेंच एक विलक्षण पेंच उभा राहिला. वादळाची सूचना मिळतांच शहाणा कप्तान जहाज दूर नेतो. म्हणजे सूचना जितकी चांगली, तितकीं वादळांत सांपडणारीं जहाजें कमी. आणि जहाजें कमी, तितकी पुढील सूचना आंधळी. ज्या ज्ञानानें माणसें वांचतात, तेंच ज्ञान स्वतःचा उगम आटवून टाकतें. मग वादळांत जाऊन पाहावें कोणीं?

या प्रश्नाचें उत्तर महायुद्धाच्या काळांत, आणि खरें सांगावयाचें तर एका पैजेंतून मिळालें. १९४३ च्या जुलै महिन्यांत मेक्सिकोच्या आखातांत एक वादळ उठलें. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीनें जहाजांनीं बिनतारी मौन पाळलें होतें, त्यामुळें त्याची वार्ता अपुरीच आली. आणि जी आली तिच्या प्रसिद्धीवरही युद्धकालीन निर्बंध होते. टेक्सासमधील ब्रायन येथील विमानतळावर उपकरणांच्या आधारें विमान चालविण्याचें शिक्षण दिलें जाई. त्याचे प्रमुख होते कर्नल जोसेफ डकवर्थ. त्यांच्या हाताखालीं कांहीं इंग्रज वैमानिक शिकत होते. वादळाच्या भयानें विमानें दुसरीकडे हलविणार असें कळतांच, हीं शिकाऊ विमानें इतकीं का नाजूक आहेत, अशी त्यांनीं थट्टा केली, अशी हकीकत सांगतात. डकवर्थ यांनीं पैज मारली कीं याच विमानांतून आपण वादळांत जाऊन परत येऊं.

२७ जुलै रोजीं, वरिष्ठांची परवानगी न मागतां, त्यांनीं दोन माणसांचें, एकाच एंजिनाचें तें शिकाऊ विमान बाहेर काढलें. बरोबर मार्गदर्शक म्हणून लेफ्टनंट राल्फ ओ’हेअर होते. एंजिन बंद पडलें असतें तर दुसरें नव्हतें. गॅल्व्हेस्टनच्या बाजूला पावसाच्या अंधारांत, खालींवर आपटत, ते पुढें गेले आणि एकाएकीं उजेडांत आले. भोंवतीं ढगांच्या उंच भिंती, मध्यें लख्ख उजेड, आणि खालीं टेक्सासची जमीन. तो वादळाचा डोळा होता. दोघे परत ब्रायनला उतरले, तों तळावरचे हवामान-अधिकारी लेफ्टनंट विल्यम जोन्स-बर्डिक यांनीं आपल्यालाही न्यावें असा आग्रह धरला. डकवर्थ त्याच दिवशीं त्यांना घेऊन पुन्हां डोळ्यांत गेले. पहिलें उड्डाण पैजेचें होतें. दुसऱ्यांत नोंदी घेणारा माणूस बसला होता. माझ्या मतें या शास्त्राचा आरंभ त्या दुसऱ्या उड्डाणांत आहे.

त्यानंतर या कामाला व्यवस्थित रूप येण्यास वेळ लागला नाहीं. १९४४ च्या सप्टेंबरांत अटलांटिकच्या किनाऱ्यालगत आलेल्या मोठ्या वादळांत हवामानशास्त्रज्ञ हॅरी वेक्स्लर लष्करी विमानांतून स्वतः जाऊन आले. त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं फिलिपाइन्सच्या पूर्वेस अमेरिकन आरमार नकळत एका टायफूनमध्यें शिरलें; तीन विनाशिका बुडाल्या आणि सुमारे ७९० खलाशी प्राणांस मुकले. शत्रूनें न केलेली ही हानि पाहून आरमार आणि हवाई दल या दोहोंनीं वादळांवर पाळत ठेवणारीं पथकें वाढविलीं.

हीं विमानें पाहतात काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. वादळ हें एक उष्णतेचें यंत्र आहे. तापलेल्या समुद्राची वाफ वर चढते, तिचें पाणी होतांना उष्णता बाहेर पडते, मधली हवा उबदार आणि हलकी होते, आणि खालचा वायुभार उतरतो. भार जितका खालीं, तितका भोंवतालचा वारा आवेशानें आंत धांवतो. म्हणून वादळाचा जोर ओळखावयाचा तर समुद्रपृष्ठावरील भार आणि वारा हे दोन आंकडे हवेत. हवाई दलाचें विमान साधारणतः दहा हजार फुटांवरून डोळा ओलांडतें, वळतें, आणि दुसऱ्या दिशेनें पुन्हां ओलांडतें. वाटेंत तें एक लांबट नळी खालीं सोडतें. ‘ड्रॉपसोंड’ नांवाची ही नळी छोट्या छत्रीच्या आधारें पडतां पडतां भार, उष्णता, दमटपणा आणि वारा क्षणाक्षणाला कळवीत जाते, आणि शेवटीं समुद्रांत बुडते.

या आंकड्यांची किंमत माणसांनीं दिली आहे. २६ सप्टेंबर १९५५ रोजीं ‘जॅनेट’ नांवाच्या हरिकेनमध्यें आरमाराचें एक नेपच्यून विमान शिरलें. त्या काळीं आरमाराचीं विमानें समुद्रापासून अवघ्या कांहीं शें फुटांवरून जात. विमानांत नऊ सैनिक आणि कॅनडाच्या एका वृत्तपत्राचे दोन प्रतिनिधि होते. आपण वादळांत प्रवेश करीत आहों, हा त्यांचा शेवटचा संदेश. विमानाचा एक तुकडाही पुढें सांपडला नाहीं. १९४५ पासून १९७४ पर्यंत अशीं सहा विमानें गेलीं आणि ५३ माणसें परत आलीं नाहींत.

१९५४ सालीं एकामागून एक तीन वादळांनीं अमेरिकेचा पूर्व किनारा झोडपला, तेव्हां केवळ पाळत पुरेशी नाहीं, यंत्राची रचनाच समजून घेतली पाहिजे, असें सरकारास पटलें. जो संशोधन-प्रकल्प निघाला त्याचे प्रमुख रॉबर्ट सिम्प्सन होते. १९१९ सालीं टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथें आलेल्या वादळाचा पूर त्यांनीं सहा वर्षांच्या वयांत अनुभवला होता. १९५६ पासून त्यांचीं विमानें एकाच वादळाला निरनिराळ्या उंचीवर छेद देऊं लागलीं. हर्बर्ट रील आणि जोआन माल्कस, ज्या पुढें जोआन सिम्प्सन म्हणून प्रसिद्ध झाल्या, यांनीं असें मांडलें होतें कीं समुद्राची उष्णता सर्वत्र सारखी वर जात नसून थोड्या प्रचंड ढगांच्या मनोऱ्यांतून जाते. १९५८ सालच्या ‘डेझी’ वादळांतील उड्डाणांनीं या कल्पनेला आंकड्यांचा आधार दिला.

ज्ञान आलें कीं त्याच्या पाठोपाठ सत्तेची इच्छा येते. १९६२ पासून ‘स्टॉर्मफ्युरी’ नांवाच्या योजनेखालीं वादळांत रुप्याच्या एका क्षाराची, सिल्व्हर आयोडाइडची, फवारणी करून त्यांचा जोर कमी करण्याचे प्रयोग चालले. १९६९ च्या ऑगस्टांत ‘डेबी’ वादळाचा वारा एका फवारणीनंतर सुमारें ३० टक्क्यांनीं मंदावला, आणि वादळ माणसाच्या हातीं आलें असें वाटूं लागलें. परंतु त्याच विमानांनीं फवारणी न केलेल्या वादळांतही मोजमाप केलें होतें. त्यावरून दिसून आलें कीं बळकट वादळाची आंतली भिंत आपोआप विरते, तिच्या बाहेर नवी भिंत उभी राहते, आणि तेवढा वेळ वारा मंदावतोच. शिवाय फवारणीला लागणारें अतिशीत पाणीही या वादळांत थोडेंच असतें. १९८३ सालीं योजना बंद झाली. शास्त्रज्ञांनीं आपल्याच यशाचा दावा आपल्याच आंकड्यांनीं खोडून काढला. हें अपयश मला मोठ्या विजयाहून अधिक मोलाचें वाटतें.

आतां कोणीही विचारील कीं, १९६० पासून आकाशांत हवामानाचे उपग्रह फिरत असतांना हा जीवघेणा उद्योग कशाला? उपग्रहानें मोठें काम केलें आहे. त्याच्या नजरेंतून आज एकही वादळ सुटत नाहीं. परंतु तो पाहतो तें मुख्यतः ढगांचें छप्पर. घरांत काय चाललें आहे याचा त्यावरून अंदाज करावा लागतो. १५ सप्टेंबर १९८९ रोजीं बार्बाडोसच्या पूर्वेस ‘ह्यूगो’ वादळांत एक संशोधक विमान १५०० फुटांवरून शिरलें. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या अंदाजापेक्षां वादळ कितीतरी प्रबळ निघालें. चार एंजिनांपैकीं एक पेटून बंद पडलें आणि विमान हजार फुटांच्याही खालीं आलें. तें कसेंबसें डोळ्यांत पोंचलें आणि तेथेंच घिरट्या घालीत वर चढलें. हवाई दलाच्या दुसऱ्या विमानानें भिंतींत त्यांतल्या त्यांत सौम्य वाट शोधून दिली, तेव्हां सर्वजण वांचले.

उलट पक्षीं, पश्चिम पॅसिफिकमधील अमेरिकेचीं नियमित उड्डाणें १९८७ सालीं बंद करण्यांत आलीं. याच भागांत १२ ऑक्टोबर १९७९ रोजीं ‘टिप’ नांवाच्या टायफूनमध्यें विमानानें ८७० मिलिबार वायुभार मोजला होता. समुद्रसपाटीवर इतका कमी भार जगांत आजवर कोठेंही मोजला गेलेला नाहीं. २०१३ सालीं फिलिपाइन्समध्यें हजारों बळी घेणारें ‘हैयान’ टिपपेक्षां कमी होतें कीं अधिक, हें निश्चयानें सांगतां येत नाहीं. कारण त्याच्या ऐन भराच्या वेळीं डोळ्यांत उपकरण सोडणारें कोणी नव्हतें.

मोजमाप मागचाही हिशेब दुरुस्त करतें. १९९२ सालीं ‘अँड्र्यू’ वादळानें दक्षिण फ्लॉरिडा उद्ध्वस्त केला. त्याला चौथ्या श्रेणींत घातलें होतें. १९९७ पासून नव्या, अधिक अचूक नळ्या वापरांत आल्या आणि उंचीवरील वाऱ्याचा किती भाग खालीं पोंचतो हें नीट समजलें. त्या ज्ञानाच्या आधारें २००२ सालीं अँड्र्यूला पांचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणींत नेण्यांत आलें. घरें किती मजबूत बांधावीं हें ठरवितांना हा फरक कागदावरचा राहत नाहीं.

आपल्या समुद्राशींही या विमानांचा थोडा परिचय आहे. १९७९ सालीं ‘मोनेक्स’ या आंतरराष्ट्रीय मान्सून-प्रयोगासाठीं अमेरिकेचीं संशोधक विमानें मुंबईस येऊन राहिलीं होतीं. जूनच्या मध्यास अरबी समुद्रांत मान्सूनबरोबर एक भोंवरा जन्मला आणि त्याचें चक्रीवादळ झालें. त्या समुद्रावरील हवेचीं मोजमापें या विमानांनीं घेतलीं. परंतु वादळांत नियमितपणें विमानें पाठविण्याची पद्धति आपल्याकडे रुजली नाहीं. आपली भिस्त उपग्रह, किनाऱ्यावरचीं रडारें आणि समुद्रांत तरंगणारीं यंत्रें यांवर आहे. त्यांच्या जोरावर आपण थोडें मिळविलेलें नाहीं. १९९९ च्या ओडिशाच्या वादळांत सुमारें दहा हजार माणसें मेलीं. २०१३ च्या ‘फायलीन’च्या वेळीं लाखों लोकांस आधीं हलविल्यामुळें मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. वादळ कोठें येणार हें आपण आतां चांगलें सांगतों. तें किती जोरानें येणार, आणि शेवटच्या रात्रींत तो जोर किती वाढणार, हें सांगतांना मात्र अद्याप अंदाजाचा आधार घ्यावा लागतो. आणि विमानांची कसोटी लागते ती नेमकी तेथेंच.

श्रोतेहो, डकवर्थ यांच्या पैजेनंतर आठ दशकें होऊन गेलीं. माणसानें वादळ थांबविलेलें नाहीं, आणि वळविलेलेंही नाहीं. जहाजांच्या काळांतला तो जुना पेंच मात्र त्यानें सोडविला आहे. ज्या वेळीं इतर सर्व वादळापासून दूर पळतात, त्या वेळीं त्याच्याकडे जाणारें कोणीतरी नेमून ठेवलें, म्हणजे इतरांना पळावयास अवसर मिळतो. पुढल्या खेपेस नभोवाणीवर वाऱ्याचा वेग ऐकाल, तेव्हां एक गोष्ट विचारून पाहा: हा आंकडा मोजलेला आहे कीं अंदाजलेला? त्या उत्तराइतकाच त्या सूचनेवर आपला भरंवसा असावा.