छापता येणाऱ्या निळ्याची कुळकथा

सेंद्रिय रेणूंनी उजळणाऱ्या पडद्यांच्या घराण्यात निळा सर्वांत उशिरा कामाला लागला. 1987 मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दाखवलेला उजेड हिरवा होता, आणि त्याचे थर निर्वातात वाफेने चढवलेले होते. 1990 मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीपीव्ही हे पॉलिमर उजळले, तेही पिवळसर हिरवे. ते कशातच विरघळत नसे. आधी त्याचा विरघळणारा पूर्वज पसरायचा, मग तापवून काचेवरच पीपीव्ही घडवायचे. शाईसारखे छापायचे तर पॉलिमर स्वतःच विरघळायला हवे होते.

निळ्याची वाट ओसाका विद्यापीठात सापडली. 1991 मध्ये युताका ओहमोरी, कात्सुमी योशिनो आणि सहकाऱ्यांनी पॉलिफ्लोरीनमधून निळा प्रकाश काढला. नुसत्या बेंझीन कड्यांच्या साखळीला लांब शेपट्या जोडल्या तर ती विरघळते खरी, पण कडी एकमेकांपासून पिळवटतात आणि रंग जांभळ्याकडे सरकतो. फ्लोरीन या रेणूमध्ये दोन कडी एका कार्बनच्या पुलाने घट्ट बांधलेली असतात. त्या नवव्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढून तिथे सहा-सहा कार्बनांच्या शेपट्या बसवल्या. कडी सपाट राहिली आणि पॉलिमर साध्या सेंद्रिय द्रावकात उतरले. या साऱ्या इतिहासातली मला ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पण हा निळा टिकेना. दिवा काही काळ चालला की त्यात 530 नॅनोमीटरच्या आसपास हिरवी झाक येई. साखळ्या एकमेकींना चिकटतात म्हणून असे होते, असा समज बरीच वर्षे होता. 2002 च्या सुमारास एमिल लिस्ट, उलरिश शेर्फ आणि सहकाऱ्यांनी दुसरे कारण पुढे आणले: नवव्या कार्बनवर ऑक्सिजन बसून फ्लोरेनोन बनते. ज्या जागेने विद्राव्यता दिली, तीच जागा दुबळी होती. एखाद्या ठिकाणी दुसरी शेपटी जोडायची राहिली, की उरलेल्या हायड्रोजनपाशी ऑक्सिडीकरण सुरू होते. शिवाय ऊर्जा साखळीवरून सरकत अशा एखाद्याच दोषापाशी जाऊन अडकते, त्यामुळे मोजक्या दोषांनीही सारा रंग बिघडतो.

मग मोनोमर कसोशीने शुद्ध करणे आले आणि शेपट्यांच्या जागी बेंझीन कडी बसवून पाहणेही आले. हिरवेपणा खूपच आटोक्यात आला. आयुष्याचा प्रश्न मात्र राहिला. निळ्या फोटॉनची ऊर्जा सुमारे 2.7 इलेक्ट्रॉनव्होल्ट, तांबड्याची 2 च्या आसपास. एवढ्या ऊर्जेपुढे रेणूतले कच्चे बंध तुटतात. जपानच्या जेओलेडने 2017 मध्ये 21.6 इंची छापील 4के पडदे विक्रीला काढले, तरी तांबड्या-हिरव्याइतका टिकणारा निळा रसायनशास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.