हेर्टा, मिसेस मिनिव्हर आणि येनामधल्या दोघी

युद्धकाळातल्या ब्रिटिश कथांमधली बाई म्हटलं की मिसेस मिनिव्हरचं नाव हटकून निघतं. जॅन स्ट्रदर या लेखिकेने १९३७ पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये तिच्यावर स्फुटं लिहिली. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक झालं आणि १९४२ मध्ये हॉलिवुडने सिनेमाही काढला. बाई सुखवस्तू. नवरा, मुलं, टुमदार घर. सिनेमात बॉम्ब पडू लागतात, तरी ती घर धरून ठेवते. तिचं घर मोडायला येतो तो शत्रू, बाहेरचा. तिचा देश तिच्या बाजूला उभा असतो.

त्याच १९३९ मध्ये मराठीत विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आली. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, चक्रधर विध्वंस आणि हेर्टा ही जर्मन ज्यू तरुणी. मुंबईला चक्रधर उतरतो. हेर्टा पुढे जाते आणि अखेर समुद्रात उडी घेते. आपल्याकडे या पुस्तकावरचा वाद बहुधा एकाच मुद्द्यावर रंगतो: चक्रधरने तिला असं सोडायला नको होतं! म्हणजे बाई मेली ती प्रेमापायी, असं आपण मनाशी ठरवूनच टाकलेलं असतं.

मी राहतो त्या येना गावाचा इतिहास वाचताना मात्र हेर्टा वेगळी दिसू लागते.

इथल्या आना आउअरबाख बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी झटल्या. त्यांचे यजमान फेलिक्स पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. घर कुणी बांधलेलं, तर वॉल्टर ग्रोपियसने! ३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. २६ फेब्रुवारीला या ज्यू नवरा-बायकोने मिळून जीवन संपवलं. ५ मार्चला निवडणूक होती. जो हक्क मागण्यात आनाबाईंनी वर्षं घातली, तो बजावायला त्या उरल्या नाहीत.

दुसऱ्या क्लारा रोझेनथाल. यजमान एडुआर्ड कायद्याचे प्राध्यापक, थुरिंगिया राज्याच्या घटनेचे शिल्पकार. एकुलता मुलगा कुर्ट १९१४ मध्ये जर्मनीसाठी लढताना पडला. वीरमाताच म्हणायची! पण ज्यू असल्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. ११ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनीही आत्महत्या केली. त्यांचा बंगला आजही उभा आहे, तिथे सांस्कृतिक कार्यक्रम होतात.

या दोघींच्या बाबतीत कुणी प्रेमभंगाचं कारण शोधत नाही. मग हेर्टाच्याच बाबतीत का शोधायचं? तिच्या पायाखालची जमीन तिच्याच सरकारने काढून घेतली होती. चक्रधरचं प्रेम हा तिला मिळालेला शेवटचा आसरा होता, आणि एका माणसाच्या आसऱ्यावर देशाची भरपाई होत नसते. 'रणांगण' पुन्हा हाती घ्याल तेव्हा चक्रधरचा निवाडा थोडा बाजूला ठेवा. हेर्टाला परतायला घर नव्हतं, एवढं ध्यानात ठेवून वाचा.