करवत कोणाची? एका जादूच्या मालकीचा वाद

१७ जानेवारी १९२१. लंडनचे फिन्सबरी पार्क एम्पायर नाट्यगृह. रंगमंचावर एक लांबट लाकडी पेटी. एका तरुणीची मनगटे, घोटे आणि मान दोरांनी बांधली जातात. दोरांची टोके प्रेक्षकांतून वर आलेल्या लोकांच्या हाती दिली जातात. तरुणी पेटीत शिरते, झाकण बंद होते. मग जादूगार मोठी करवत घेऊन पेटी मधोमध कापू लागतो.

जादूगाराचे नाव पी. टी. सेल्बिट. हे नाव म्हणजे ‘टिबल्स’ या त्याच्या खऱ्या आडनावाचे उलटे रूप, त्यातला एक ‘बी’ गाळून केलेले. आज जगभर ‘बाईचे दोन तुकडे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाचा हा पहिला ज्ञात जाहीर प्रयोग. त्या आधीच्याच महिन्यात सेल्बिटने तो मोजक्या व्यवस्थापकांना आणि दलालांना खासगीत दाखवला होता.

प्रयोग गाजला, आणि तो गाजवण्यात सेल्बिटनेही कसर ठेवली नाही. दोन खेळांच्या मधल्या वेळेत नाट्यगृहाबाहेरच्या गटारात बादलीभर लाल पाणी ओतले जाई. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांना त्याने आठवड्याला वीस पौंडांवर पेटीत झोपण्याचे आमंत्रण दिले. त्यांनी ते अर्थातच नाकारले, पण वृत्तपत्रांना बातमी मिळाली. ब्रिटनमध्ये तिशीपुढच्या स्त्रियांना मताधिकार मिळून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्या काळात पेटीत बांधून कापली जाणारी व्यक्ती स्त्रीच का असावी, हा प्रश्न इतिहासकारांनी पुढे अनेकदा विचारला आहे. त्यावर वेगळा थ्रेड होईल. इथे प्रश्न करवतीच्या मालकीचा आहे.

याच वर्षीच्या जून महिन्यात, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांनी, न्यूयॉर्कच्या मॅकाल्पिन हॉटेलात सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सचे वार्षिक भोजन झाले. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष होते हॅरी हुडिनी. त्या मेजवानीत होरेस गोल्डिनने पेटी आणि करवत आणली. त्याच्या पेटीत स्त्री नव्हती. हॉटेलात सामान वाहणारा एक मुलगा होता. जमलेल्या जादूगारांवर या प्रयोगाचा फारसा प्रभाव पडला नाही, असे सांगितले जाते. तरीही गोल्डिनने तो सुधारला, पेटीत स्त्रीला आणले आणि काही महिन्यांतच अमेरिकेच्या नाट्यगृहांत त्याचे एकाहून अधिक संच फिरू लागले.

गोल्डिनने हा खेळ चोरला होता का?

त्याचे म्हणणे असे, की ही कल्पना आपल्या डोक्यात कित्येक वर्षांपासून घोळत होती. जादूच्या इतिहासात हा बचाव फार जुना आहे आणि तो पडताळून पाहणे जवळपास अशक्य असते. कवीची वही सापडते, चित्रकाराची कच्ची रेखाटने सापडतात. जादूगाराच्या डोक्यातली पेटी सापडत नाही. शिवाय गुपित राखणे हाच ज्याचा धंदा, त्याने आपल्या कल्पनेचा पुरावा मागे ठेवावा तरी कशासाठी?

गोल्डिनच्या बाजूने एक गोष्ट मात्र मांडता येते. दोघांचे प्रयोग एकसारखे नव्हते. सेल्बिटच्या प्रयोगात तरुणी पेटीत पूर्ण दडलेली असे. ती आत आहे याची साक्ष फक्त बाहेर आलेले दोर देत. गोल्डिनच्या पेटीतून डोके, हात आणि पाय बाहेर दिसत, आणि कापून झाल्यावर पेटीचे दोन भाग एकमेकांपासून दूर ओढले जात. सामान्य प्रेक्षकाच्या मनात आज जे चित्र आहे ते गोल्डिनचे आहे. सेल्बिटच्या यशाची बातमी वाचून त्याने आपल्या रीतीने खेळ रचला असेल. किंवा जुनी कल्पना त्या बातमीने जागी झाली असेल. या दोन शक्यतांमधली रेषा खुद्द गोल्डिनला तरी स्पष्ट दिसत होती का, कोण जाणे.

मुळात ती कल्पना या दोघांपैकी एकाचीही म्हणता येत नाही. फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ याच्या १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत पेटीतल्या माणसाला करवतीने कापण्याच्या प्रयोगाचे वर्णन आहे. ते तोरिनी नावाच्या जादूगाराच्या तोंडी येते, आणि हा तोरिनी बहुधा लेखकाने कल्पिलेला असावा असे अभ्यासक मानतात. त्या पिढीतल्या कितीतरी जादूगारांनी हे पुस्तक कोवळ्या वयात वाचले होते. लहानपणी वाचलेले काही विसरून जावे आणि वीस वर्षांनी ते स्वतःला सुचले असे वाटावे, हे लेखकांच्या बाबतीत घडते; जादूगारांच्या बाबतीत का घडू नये?

याच पुस्तकाने भारावलेला एक मुलगा म्हणजे एरिक वाइस. त्याने रोबेर-उदँच्या नावावरून स्वतःला ‘हुडिनी’ म्हणवून घेतले. पुढे १९०८ मध्ये त्याच हुडिनीने एक अख्खे पुस्तक लिहून आपल्या दैवतावर आरोप केला, की त्याने स्वतःचे म्हणून मिरवलेले प्रयोग आधीच्या जादूगारांचे होते. नंतरच्या अभ्यासकांना या आरोपांत बरीच अतिशयोक्ती आढळली. मात्र आरोप सिद्ध करण्यासाठी हुडिनीने जमवलेली जुनी पत्रके आणि कात्रणे आजही मोलाची आहेत. ज्याच्या नावावर आपले नाव उभे केले, त्याचीच कीर्ती खोडायला निघालेला माणूस १९२१ च्या त्या भोजनाला अध्यक्ष होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

पुन्हा वादाकडे. सप्टेंबर १९२१ मध्ये सेल्बिट स्वतःचा खेळ घेऊन अमेरिकेत पोहोचला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की त्याच्या प्रयोगाचे नावच त्याला वापरता येत नाही. गोल्डिनने ‘करवतीने स्त्रीला कापणे’ या अर्थाची शीर्षके नाट्यगृह व्यवस्थापकांच्या संघटनेकडे आधीच नोंदवून ठेवली होती. सेल्बिटला ‘द डिव्हायडेड वूमन’, म्हणजे ‘दुभंगलेली स्त्री’, असे बेताचे शीर्षक घ्यावे लागले. गोल्डिनच्या नाट्यगृहांबाहेर रुग्णवाहिका उभ्या असत, आत परिचारिका वावरत. लंडनचा मूळ प्रयोगकर्ता अमेरिकन प्रेक्षकाला नकलाकार वाटू लागला.

येथे गोल्डिनचे वागणे नियमात बसणारे होते. न्यायाचे होते असे म्हणणे कठीण आहे. कल्पना स्वतंत्रपणे सुचली असेलही. दुसऱ्याच्या तोंडून त्याच्याच खेळाचे नाव काढून घेणे मात्र अजाणता घडत नाही.

कायद्याचा आधार गोल्डिनने आणखी घेतला. एका चित्रपट कंपनीने या खेळाचे मर्म उघड करणारा चित्रपट काढला, तेव्हा १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अनुचित स्पर्धेच्या मुद्द्यावर त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला. जून १९२३ मध्ये त्याला अमेरिकन पेटंटही मिळाले, क्रमांक १४५८५७५.

हाच त्याचा सर्वांत मोठा डाव, आणि हीच त्याची चूक. पेटंटचा सौदा सरळ असतो: सरकार ठरावीक मुदतीची मक्तेदारी देते, त्या बदल्यात शोधाची संपूर्ण रचना आकृत्यांसह जगापुढे ठेवावी लागते. यंत्र बनवणाऱ्याला हा सौदा परवडतो. ज्याचे सगळे भांडवल लोकांच्या अज्ञानात आहे, त्याला तो परवडावा कसा? ज्या प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवायचे होते, त्यांच्यासाठी आणि कोणाही जिज्ञासूसाठी गोल्डिनने आपले गुपित सरकारी दप्तरात खुले केले.

त्याची किंमत दहा वर्षांनी चुकती झाली. १९३३ मध्ये कॅमल सिगारेटच्या जाहिरातींची एक मालिका आली. फसण्यात मौज आहे, पण खरे काय ते कळण्यात अधिक मौज आहे, असे तिचे सूत्र. तीत पेटी आणि करवतीच्या खेळाची उकल छापली गेली. गोल्डिनने आर. जे. रेनल्ड्स या तंबाखू कंपनीवर दावा लावला. १९३८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: पेटंट घेताना जे स्वतः जाहीर केले, ते गुपित म्हणून राखून मागता येत नाही. गंमत अशी, की आदल्याच वर्षी त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते आणि त्याचे नाव होते ‘इट्स फन टू बी फूल्ड’. जाहिरातीच्या घोषणेचा पहिला अर्धा भाग!

सेल्बिट १९३८ मध्ये वारला, गोल्डिन १९३९ मध्ये. तोवर गोल्डिनने पेटीच टाकून दिली होती. फिरत्या गोल पात्याच्या यांत्रिक करवतीखाली स्त्री उघडी निजलेली असे, लपवायला काहीच नाही.

९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात कोलकात्याच्या पी. सी. सरकारांनी अशीच गोल पात्याची करवत एका तरुणीच्या शरीरातून फिरवली. करवत थांबल्यावर सरकारांनी हाका मारल्या, पण ती उठेना. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिम्बल्बी कॅमेऱ्यासमोर आले आणि कार्यक्रम संपल्याचे त्यांनी जाहीर केले. धास्तावलेल्या प्रेक्षकांच्या फोनने बीबीसीच्या तारा तुंबल्या. मुलगी सुखरूप होती, प्रक्षेपणाची वेळ संपली होती, एवढेच. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत तीच बातमी होती, आणि ड्यूक ऑफ यॉर्क्स नाट्यगृहातल्या सरकारांच्या खेळांना लोटलेल्या गर्दीला करवत मुळात कोणाची, हे विचारण्याचे काहीच कारण नव्हते.