इनामगावची पायवाट

घोडनदी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शिरूरची बाजारपेठ आठवते, कारण नदीचे नाव त्या गावालाच पडले आहे. नदी मात्र तिथून पूर्वेकडे पुढे जाते आणि भीमेला मिळते. भीमेच्या पलीकडे दौंड तालुका. या संगमाच्या अलीकडे, घोडच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. गेल्या हिवाळ्यात दौंडचा माझा मावसभाऊ आणि त्याची नववीतली मुलगी यांच्याबरोबर मी तिथे गेलो.

गाव मागे टाकले की उसाची शेते लागतात. त्यांच्या बांधावरून नदीच्या दिशेने गेल्यावर बाभळी आणि बोरी दाट होतात. याला जंगल म्हणणे धाडसाचे आहे, पण काटे जंगलाचेच. वाट अर्ध्या तासाचीही नाही. मग झाडी विरळ होते, पायाखालची माती करडी होते आणि उंचवट्यावरून घोडचे पात्र दिसते. खुर्ची टाकून तासभर बसावे अशी ती जागा आहे. या काठावर माणसे सुमारे नऊशे वर्षे सलग राहिली. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास आली आणि 700 च्या सुमारास गेली.

पाहायला आज तिथे फारसे काही नाही. जे कळले आहे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1982 या काळात केलेल्या उत्खननातून. हा काही राजवाडा शोधण्याचा खटाटोप नव्हता. एका शेतकरी वस्तीचे घर, चूल, कोठार, कबर असे सगळे उलगडून पाहायचे होते, म्हणून इतकी वर्षे लागली. कुडाच्या भिंतींची शंभराहून अधिक घरे मिळाली. जव, गहू, मसूर, वाटाणा, तीळ यांचे जळके दाणे मिळाले. बोर, आवळा, जांभूळ, खजूर खाल्ल्याच्या खुणा मिळाल्या. हाडे तर गायीबैलांपासून चितळ, सांबर, काळवीट, ससा, कासव, अगदी मगरीपर्यंतची. म्हणजे आपण ज्या झाडीतून कपडे सांभाळत आलो, तिथे तेव्हा सांबराला पुरेल एवढे रान होते. नदीच्या पुराचे पाणी वळवायला त्यांनी कालवा खणला होता आणि त्याच्या कडेला बंधारा घातला होता.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते, त्याला लागून धान्याचे कोठार. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरला होता. तो वस्तीचा प्रमुख असावा आणि कोठारात कराचे धान्य जमा होत असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. गावाचे आजचे नाव ज्यावरून पडले तो ‘इनाम’ हा अरबी शब्द. धान्य, जमीन आणि सत्ता यांचे नाते सांगणारा हा शब्द या काठावर यायला आणखी दोन हजारांहून अधिक वर्षे जायची होती, पण त्या नात्याची सुरुवात तिथे आधीच झालेली दिसते.

इतर प्रौढांना घराच्या जमिनीखालीच उताणे पुरत, डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला. पुरण्यापूर्वी त्यांची पावले घोट्याखाली तोडत. मेलेला माणूस उठून घर सोडून जाऊ नये म्हणून, असे काही जण म्हणतात. लहान मुलांना दोन घटांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवत.

आपल्याकडेही कबर उत्तर-दक्षिणच असते. हे ऐकल्यावर मावसभावाचा चेहरा उजळला. मी त्याला थांबवले. आपल्या कबरीची दिशा किब्ल्यावरून ठरते, महाराष्ट्रातून मक्का पश्चिमेला म्हणून. त्यांची कशावरून ठरली ते त्यांनी लिहून ठेवलेले नाही; त्यांना लिपीच नव्हती. अशा साम्यावर वंशावळी उभारणारे सगळ्या धर्मांत भरपूर आहेत, आपण त्यांत भर घालायला नको.

मुलीचा प्रश्न वेगळा होता. “चाचा, ही आपली माणसं होती का?”

मी लगेच उत्तर दिले नाही. आपल्या मुलांना शाळेच्या इतिहासात मुसलमान नाव पहिल्यांदा भेटते ते बहुधा स्वारीच्या धड्यात. तोपर्यंतचे सगळे जणू दुसऱ्या कोणाचे. म्हणून मी तिला उत्खननाच्या अहवालाविषयी सांगितले. 1988 साली तो प्रसिद्ध झाला, त्यावर तीन नावे आहेत : म. के. ढवळीकर, ह. धी. सांकळिया आणि झेड. डी. अन्सारी. अन्सारींचे नाव इथेच येते असे नाही. नेवासा, नावडातोली, राजस्थानातले आहाड, या सगळ्या उत्खननांच्या ग्रंथांवर सांकळियांच्या जोडीने ते आहे. द्वारकेच्या उत्खननाचा 1966 चा अहवाल तर अन्सारी आणि म. श्री. माटे या दोघांचा. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा या माणसाच्या हातून मातीतून वर आला. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे? मलाही ते चाळिशी उलटल्यावर कळले.

ती माणसे गेली का, याचे उत्तर ढवळीकरांनी हवामानात शोधले. इसवी सनापूर्वी 1000 नंतर पाऊस कमी झाला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि शेळ्यामेंढ्या वाढल्या. दुष्काळ एवढेच कारण पुरेसे नाही, असे म्हणणारे संशोधकही आहेत. पण शेवटच्या काळातल्या बालकांच्या हाडांत पोषण घटल्याच्या खुणा सापडल्या आहेत. घरातल्या जमिनीखाली, आईच्या पायाखाली, घटात ठेवलेली ती मुले. पुण्याच्या पूर्वेचे हे तालुके आजही पावसाकडे डोळे लावून असतात. फरक इतकाच की आता वर चिंचणीला घोडवर धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे.

परत निघताना मुलीने वाटेवरचे एक खापर उचलले. तांबूस, त्यावर काळी रेघ. जोर्वे पद्धतीचे असेल, नसेलही. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि जिथून घेतले होते तिथेच परत ठेवले. मावसभाऊ पुढे जाऊन बाभळीचा काटा चपलेतून काढत बसला होता.