पांढरीतून काळीत

जुनी माणसं गावाचे दोनच भाग करायची. जिथं घरं ती पांढरी आणि जिथं पीक ती काळी. शेकडो वर्षांची चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेणाचे सारवण, हे सगळं मिसळून गावठाणाची माती पांढुरकी होते म्हणून पांढरी. दिवसभर काळीत राबायचं आणि दिवेलागणीला पांढरीत यायचं. काळीत रात्र काढायची ती राखणीला गेलेल्या गड्यानं, माळ्यावर, कुत्रं घेऊन. बायका-पोरांनी नाही.

आम्ही बायका-पोरांसकट काळीत राहायला गेलो ते साल १९८९. थोरला पाच वर्षांचा होता, धाकटी दोनची. माझी आई त्या दिवशी आमच्याशी बोलली नाही.

तिचं का चुकलं असं मी म्हणत नाही. आमचं इंदुरी हे इंद्रायणीच्या काठचं गाव. गावाला भुईकोट किल्ला आहे, आम्ही त्याला गढी म्हणतो. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी १७२०-२१ च्या सुमारास तो बांधला. शाहू महाराजांनी त्यांना १७१७ साली सेनापतीपद दिलं, त्याच्यानंतरची ही गोष्ट. खाली दगड, वर विटा, मोठे बुरूज आणि आत आमची कडजाई देवी. ज्या काळात सरसेनापतीलाही राहायला तट लागत होता, त्या काळात कुणब्यानं मळ्यात एकटं घर कशाला बांधलं असतं? घराला घर लागून, भिंतीला भिंत लागून माणसं राहिली ती काही हौसेनं नाही. चोराचं, वाघराचं, फौजांचं भय होतं. भय गेलं तरी सवय राहिली. आमच्या जुन्या घराच्या जोत्यात दोन चांगले घडीव दगड होते. ते कुठून आले हे आजोबांना विचारलं की ते पान लावायला घ्यायचे.

इतिहासाच्या पुस्तकात खंडेराव आहेत, १७३१ ला डभईच्या लढाईत पडलेले त्रिंबकराव आहेत, आणि पुढं सगळा कारभार हातात घेणाऱ्या उमाबाई आहेत. उमाबाईंना तीन मुलगे आणि तीन मुली. पण एवढी पोरं पावसाळ्यात कुठं खेळत होती, त्यांचे कपडे कुठं वाळत होते, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मी १९७६ ला नव्या पद्धतीची दहावी झालो आणि नांगराला लागलो, त्यामुळं माझ्या इतिहासात तलवार नाही. घर बदलल्यावर लहान पोरांचं काय होतं तेवढंच मला ठाऊक आहे, ते लिहितो.

भय गेल्यावर माणसांना मळ्यात कशानं ओढलं, तर आधी विहिरींनी आणि मग मोटारींनी. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानं पुढं जमिनींचे गट पडले. पूर्वी एकाची चार वावरं चार दिशांना असायची, मग राहायचं तरी कुठल्या बांधावर? जमीन एका जागी आली तेव्हा मळ्यातल्या घराला अर्थ आला. आमचं तिसरं कारण साधं होतं. जुन्या घरात आम्ही सतरा माणसं होतो. चुली दोन झाल्या होत्या, माजघरात मध्ये साडी आडवी बांधली होती. भांडण म्हणाल तर मोठं कधी झालं नाही. पण धाकटी रात्री रडली की पलीकडून वहिनीची कूस बदलल्याचा आवाज यायचा, आणि आमची कारभारीण पोरीचं तोंड पदरात धरायची. एक दिवस ती म्हणाली, "आवं, पोरीला मोठ्यानं रडता येईल एवढं घर करा." घर बांधायला मला एवढं कारण पुरलं.

वाटणीत जुनं घर दादाकडं गेलं. नदीकडचा मळा, विहिरीतला निम्मा हिस्सा आणि पडवीचे लाकूड-दगड माझ्याकडं आले. देवाचे टाक थोरल्याकडंच राहायचे, आमच्यात तशीच रीत. आम्ही जेजुरीहून नवे करून आणले. दोन खोल्या बांधल्या, दहा बाय बाराच्या. मातीत दगड, वरून सिमेंटच्या दरजा आणि मंगलोरी कौलं. बावीस हजार लागले, त्यातले आठ हजार कांद्याचे आणि बाकीचे सोसायटीचे नि सासऱ्यांचे.

अक्षय्य तृतीयेला दूध उतू घातलं. आईनं जुन्या चुलीतला विस्तव गाडग्यात घालून दिला, पण स्वतः आली नाही. "मी पांढरीतच मरंन," एवढंच दादाच्या बायकोपाशी बोलली.

पहिले पंधरा दिवस पोरांना जत्रा वाटली. थाळणीत आंघोळ आणि विहिरीवर मोटार चालू झाली की पाटात बोटी. मग सोळाव्या की सतराव्या दिवशी थोरला संध्याकाळी दप्तर पाठीवर अडकवून दारात उभा राहिला. म्हणाला, "चला आता घरी." मी म्हणालो, अरे हेच घर. तो म्हणाला, "हे न्हाई. आजी आहे ते." धाकटीला बोलता येत नव्हतं फारसं, पण तीही अंधार पडला की गावाच्या बाजूला बोट करायची. गावठाणात रात्री सुद्धा कुणी खोकतंय, कुणाची म्हैस फुरफुरतेय, देवळात भजन चाललंय असा आवाज असतो. इथं रातकिडे आणि नदी. वीज मोटारीला होती, घराला नव्हती. ती मिळायला पुढं दोन वर्षं गेली. कागद कुणाच्या टेबलावर अडला होता ते आता सांगून काय उपयोग. कंदील पुसणं हे थोरल्याचं काम झालं. त्याचा हात लहान, काचेत सहज जायचा.

जूनमध्ये पहिले सडे पडले. पडवीचे उरलेले दगड मी घराच्या मागं रचून ठेवले होते, गोठा बांधायला. ही माझी चूक. दगडांच्या ढिगात पाणी गेलं आणि आतलं जनावर बाहेर निघालं. धाकटीनं थोरल्याच्या चपलेत पाय घातला आणि किंचाळली. लाल विंचू होता, बोटाएवढासुद्धा नाही.

तेव्हा मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पोरीला खांद्यावर टाकून गावात विंचू उतरवणाऱ्याकडं पळालो. अर्धा तास त्यानं पुटपुटण्यात घालवला. पोरीचं रडणं थांबलं, आम्हाला वाटलं उतरला. कारभारणीनं हात धरून बघितला तर बर्फ. कपाळावर घाम आणि तोंडातून लाळ चाललेली. ती माझ्यावर ओरडली नाही. पोरीला उचललं आणि रस्त्यावर जाऊन दुधाच्या टेम्पोपुढं आडवी उभी राहिली. त्या टेम्पोनं आम्ही तळेगावला गेलो.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाडी बघितली, एका गोळीचा बारका तुकडा करून पाण्यात विरघळवून पाजला आणि रात्रभर उशाशी बसून राहिले. पहाटे पोरीचे हात गरम झाले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ही गोळी रक्तदाबाची आहे, विंचवावर ती चालते हे आपल्याच महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, चार वर्षांपूर्वी तुम्ही आला असता तर मला हे ठाऊक नसतं. कोकणात लाल विंचवानं किती पोरं जायची हे मी नंतर वाचलं. गोळीचं नाव प्राझोसिन. साध्या ग्रामीण दवाखान्यात काम करता करता एका माणसानं हे शोधलं. आमच्याकडं गावोगावी पुतळे आहेत ते तलवारवाल्यांचे. असो.

घरी आल्यावर तो ढीग मी एका दिवसात उपसून बांधावर नेऊन टाकला. कारभारणीनं पोरांना नियम लावला: चप्पल उलटी करून दोनदा आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. अंथरूण झटकल्याशिवाय अंग टाकायचं नाही. आणि नदीकडं एकट्यानं जायचं नाही, त्या कुंडमळ्याच्या रांजणखळग्यांची तर नावसुद्धा काढायची नाही. पाणी फिरून फिरून खडकात रांजणासारखे खड्डे पडलेत तिथं, वरून पाणी संथ दिसतं. २०२५ च्या १५ जूनला तिथला लोखंडी पूल पडला आणि चार माणसं गेली, तेव्हा मला हिचा तो नियमच आठवला.

आईला विंचवाचं आम्ही कळू दिलं नव्हतं. गावात राहून तिला कळलं नसेल असं मानणारा मी मूर्ख. तिनं वहिनीच्या हातून हळद-कुंकू आणि एक अंडं ओवाळून टाकायला पाठवलं, पण आली मात्र नाही.

भात लावणी त्या साली नव्या बियाण्याची केली. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं इंद्रायणी नावाचं वाण काढलं होतं, आंबेमोहोराच्या संकरातलं. लावणीला पवन मावळातली माझी मावशी आली होती मदतीला. तिचं घर पवना धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ते धरण १९७२ ला पुरं झालं. चिखलात वाकून, डोक्यावर इरलं घेऊन, ती आमच्या थोरल्याचं "घरी चला" ऐकून हसली आणि मग गप्प झाली. रात्री मला म्हणाली, "माझी पोरं बी असंच म्हनायची. तुझं बरं हाये बाबा, त्याला उचलून दीड मैलावर नेऊन दाखवता येतं. मी कुठं नेऊ? उन्हाळ्यात पानी आटलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, तेवढं लांबून दावायची." हे ऐकल्यावर मी आमच्या स्थलांतराबद्दल कुणापाशी कुरकुर केली नाही. दर रविवारी थोरल्याला खांद्यावर घेऊन जुन्या घरी न्यायचो. आईच्या मांडीवर तो जेवायचा आणि परत येताना रडायचा.

मग जुलैचा तो पाऊस आला. तीन दिवस कौलांवर आवाज थांबला नाही. गाव आणि आमच्या मळ्यात एक ओढा आहे, एरवी पोर उडी मारून जाईल एवढा. त्याला पुरुषभर पाणी. इंद्रायणी वावराच्या कडेला येऊन टेकली. पश्चिमेची कौलं उडाली, आम्ही चौघं, एक शेळी आणि दोन कोंबड्या पूर्वेच्या खोलीत बसून होतो. सरपण ओलं, म्हणून भात एकदाच शिजवायचा आणि तिन्ही वेळा खायचा. धाकटीला मजा वाटत होती, शेळीला मिठी मारून झोपायची. थोरला मला विचारायचा, आजीच्या घरात पाणी गेलं असंल का? मी नाही म्हणायचो. मला काय दिसत होतं? पावसाच्या पडद्यापलीकडं गढीचा बुरूजसुद्धा दिसत नव्हता.

त्याच पावसात, २३ जुलैच्या रात्री, लोणावळ्याच्या अलीकडं भाजे गावावर डोंगर आला. झोपेत घरंच्या घरं गाडली गेली. आम्हाला ते समजलं दोन दिवसांनी, ओढ्याच्या पलीकडून दादानं ओरडून सांगितलं तेव्हा.

चौथ्या दिवशी ओढा गुडघाभर उतरला. सकाळी मी कौलं सारखी करत वर चढलो होतो. बघतो तर बांधावरून आई येतेय. डोक्यावर घोंगडीची खोळ, काखेत डालडाच्या डब्यातली तुळस. मागं दादा, त्याच्या डोक्यावर पाटा आणि हातात वरवंटा. मी खाली उतरेपर्यंत ती ओसरीवर पोचली होती.

कारभारीण म्हणाली, "आत्या, एवढ्या चिखलातनं कशाला यायचं?"

आई म्हणाली, "भाज्याची मानसं पांढरीतच झोपली व्हती गं. घराला घर लागूनच व्हतं त्यांचं." मग पाय धुतले, आत आली, छत बघितलं, चूल बघितली आणि म्हणाली, "चुलीचं तोंड चुकलंय. धूर पोरांच्या डोळ्यात जातोय." दुपारपर्यंत तिनं चूल मोडून पूर्वेला तोंड करून नवी घातली. पाटा दाराच्या उजव्या अंगाला मांडला. संध्याकाळी थोरल्यानं दप्तर पाठीवर घेतलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

आई त्यानंतर वीस वर्षं त्या घरात राहिली. घराच्या दोनाच्या पाच खोल्या झाल्या, वर स्लॅब पडला, कौलं गोठ्यावर गेली. आता आमच्या आजूबाजूला सतरा बंगले आहेत, चाकण रस्त्याच्या गाड्या रात्रभर ऐकू येतात, आणि काळी कुठं संपते नि पांढरी कुठं सुरू होते ते तलाठ्यालाही उतारा बघून सांगावं लागतं. गावठाणातलं जुनं घर दादाच्या मुलांनी पाडलं. ते दोन घडीव दगड आता त्यांच्या गेटपाशी आहेत.

थोरला चाकणच्या कारखान्यात लागला. गेल्या दिवाळीत त्यानं तळेगावात फ्लॅट घेतला, पाचव्या मजल्यावर. दोन पोरं आहेत त्याला, नात सहाची, नातू तीनचा. दूध उतू घालायला गॅस होता. आमची कारभारीण पाटा न्यायचा म्हणत होती, पण ओट्यावर जागा नव्हती, म्हणून तो विहिरीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा नात शाळेला निघाली होती. चकचकीत फरशी, बंद खिडक्या, कुठं फट नाही. तिनं दारातले बूट उचलले, उलटे केले, फरशीवर दोनदा आपटले आणि मग पाय घातले.

मी थोरल्याकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता. कारभारीण पदरानं तोंड पुसत लिफ्टकडं चालायला लागली.